सेलूच्या वाचनालयात नृत्याचा अभ्यास

चि. शालू आणि चि. बाळ,

बाळच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तो खेळायला मोकळा होईल. नाही, मोगलाईत मला वाघ दिसला नाही. एक मुंगूस दिसले, तेही पाळलेले. बाळने आता उठून जावे. पुढचे सगळे शालूच्या कामाचे आहे.

शालू, तुझ्या बाबांनी मला जे पत्र लिहिले ते तू पाहिले नसशील. वकिली पत्र होते, म्हणजे त्यात कलमे होती. तुला नैरोबीतल्या त्या मद्रासी बाईंकडे नाच शिकायचा आहे आणि त्यांचा वर्ग जानेवारीअखेर सुरू होतो, हे पहिले कलम. दुसरे असे: ‘आई, नृत्य ही कला आहे हे मला मान्य आहे. पण देवादिकांचे दाखले पाठवू नकोस, देवांना शेजारीपाजारी नसतात. आपल्यासारख्या घरातल्या प्रतिष्ठित बाईने नाच केल्याचा एक तरी विश्वसनीय लेखी आधार काढून दाखव. तो आला तर शालू वर्गाला जाईल, नाही तर नाही.’

मी तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवले. लेखी आधार कुठे शोधायचा हे मला सांगावे लागत नाही. कोऱ्या वहीला चार रकाने आखले (ग्रंथ, पृष्ठ, विधान, विश्वासार्हता) आणि पुण्यातल्या एका वाचनालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी ‘नृत्य’ हा शब्द ऐकून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, “कोणासाठी?” मी म्हटले, “नातीसाठी.” त्यांनी मला पाककलेची तीन पुस्तके काढून दिली.

त्याच आठवड्यात सेलूहून नानाचे पत्र आले. नाना म्हणजे माझा मावसभाऊ. तो तिथल्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे. त्याने लिहिले होते, ‘अक्का, पुण्याची एवढी मिजास कशाला? आमच्या वाचनालयात नृत्यकलेचे स्वतंत्र कपाट आहे. काचेचे.’ मी ट्रंक भरली.

गुरुवार, सेलू

मनमाडला गाडी बदलून निजामाच्या मुलखातल्या छोट्या गाडीत बसले. जालना मागे पडल्यावर जमीन अशी काळी होत गेली की वाटावे, कुणी शाईची दौत लवंडली आहे. तिच्यावर पांढरा कापूस, मधून कमरेच्या वर गेलेली ज्वारी, आणि आभाळ एवढे मोठे की पुण्यात तेवढ्याची चार करून वाटली असती.

सेलूला उतरले तर सगळ्या गावावर बारीक पांढरा कापूस तरंगत होता. जिनिंगचा हंगाम होता. रस्त्यात कापसाच्या गाड्या एकामागे एक उभ्या, बैल निवांत, गाडीवाले त्याहून निवांत. टांग्यातून घरी पोहोचेपर्यंत माझ्या काळ्या छत्रीची पांढरी छत्री झाली. शिंक आली तेव्हा टांगेवाला म्हणाला, “पहिल्या दिवशी लय शिंका येतात बाई. चौथ्या दिवशी कापूसच थकतो.”

नाना अंगात शेरवानी घालून दारात उभा होता. त्याची बायको राधा आतून ओरडली, “वन्संना आधी हातपाय धुऊ द्या, भाषण मागून करा!” जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि असा ठेचा होता की पहिल्या घासाला मी इंग्रजी बोलले. पुण्यात पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असे विचारतात, आणि त्या ‘का’वर सगळा जोर असतो. इथे विचारत नाहीत. कप समोर येतो. नको म्हटले की दुसरा येतो.

जेवताना मी वेळापत्रक वाचून दाखवले: शुक्रवार आणि शनिवार ग्रंथवाचन, रविवार सुट्टी, सोमवारी टिपणे. नानाने शांतपणे ताक प्यायले.

“शुक्रवारी इकडे सगळं बंद असतं अक्का. रविवारी चालू. आणि तू गैरमुल्की.”

“मी काय?”

“गैरमुल्की. आमच्या मुलखाबाहेरची. बाहेरचं माणूस चार दिवस वाचनालयात बसलं की दर्यापत होते, कोण आलं, काय वाचलं, कुणाशी बोललं. वाचनालयाला कुलूप लागायला तेवढं पुरतं. आधी इजाजत घेऊ.”

“नाच वाचायला इजाजत?”

“नाच वाच नाही तर पंचांग वाच. इजाजत ती इजाजत.”

शुक्रवार

अर्ज उर्दूत करावा लागतो. मला इंग्रजी येते, संस्कृत येते, फ्रेंच थोडेसे येते. उर्दूचे एक अक्षर येत नाही. म्हणून नाना मला मुनशीजींकडे घेऊन गेला. मेहंदी लावलेली दाढी, पांढरी टोपी, समोर उतरते मेज. गावातले निम्मे अर्ज यांच्या बोरूतून जातात. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “फर्माइये बाईसाब. एक एक लफ्ज बोलो, मैं उर्दू में लिखता.”

मी सावकाश, शुद्धलेखन घालावे तसे सांगितले: “नृत्यकलेचा अभ्यास करण्यासाठी वाचनालयात बसण्याची परवानगी मिळावी.”

“नृत्य बोले तो नाच?”

“हो, पण प्रतिष्ठित.”

“रक्स,” ते म्हणाले आणि लिहिते झाले. “और अभ्यास… हौ, समझ गया. बच्चे मदरसे में करते, वोईच ना?”

“तेच,” मी म्हटले. शालू, हे ‘तेच’ लक्षात ठेव. मी आयुष्यात एवढ्या ठामपणे एवढे चुकीचे उत्तर दिलेले नाही.

अर्ज फार सुंदर दिसत होता. उजवीकडून डावीकडे वाहणारी ती अक्षरे पाहून मला वाटले, यात माझ्या विद्वत्तेचे वर्णन असावे.

शनिवार, रविवार

शनिवारी अर्ज कचेरीत दिला आणि रविवारी सकाळी मंजूर होऊन आला. नाना आनंदाने थक्क झाला. त्याने मोहोर पाहिली, कागद कपाळाला लावला आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. त्याला उर्दू उत्तम वाचता येते, पण मोहोरेचा कागद इकडे वाचत नाहीत, जपतात. मी फक्त तारीख विचारली. त्याने ‘बहमन’ महिन्यातली कुठलीशी सांगितली, आणि आमच्या डिसेंबराशी तिचा मेळ घालण्यात माझा अर्धा तास गेला.

वाचनालय एका आडतीच्या दुकानावर आहे. खाली कापसाचे सौदे, वर ज्ञान, मध्ये लाकडी जिना. ग्रंथपाल गोविंदराव म्हणजे एक कृश, सज्जन गृहस्थ. सात वर्षे बिनपगारी हे वाचनालय सांभाळतात आणि रोज सकाळी प्रत्येक पुस्तकावरचा कापूस स्वतः झटकतात. त्यांनी मला कपाटापुढे असे उभे केले, जसे देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसाला करतात. काच लखलखीत. वर वळणदार अक्षरांत पाटी: ‘नृत्यकला’.

“वाचक येतात का?” मी विचारले.

“छे! एकही नाही,” गोविंदराव अभिमानाने म्हणाले. “म्हणून तर हे कपाट इतकं चांगलं राहिलंय. देणगीदारांना दहा विषयांची दहा कपाटं हवी होती. नऊ झाली. दहाव्याला कमिटीनं असा विषय शोधला की ज्याची पुस्तकं फाटणार नाहीत.”

मी वही उघडली. कपाटात सात पुस्तके होती. पहिले नाचणीच्या लागवडीचे. ज्याने यादी केली त्याने नावाचा पहिला अर्धा भाग वाचला असावा. ज्वारीच्या मुलखात नाचणी वाचायलाही कोणी येत नाही, त्यामुळे चूक उघडकीस आली नाही. दुसरे घोड्यांना चाली शिकवण्याविषयी. तिसरे साहेब लोकांच्या नाचाचे इंग्रजी पुस्तक. त्यातल्या प्रत्येक चित्रावर कमिटीने कागद चिकटवला होता. फक्त जमिनीवर उमटलेल्या बुटांचे आराखडे शिल्लक ठेवले होते, कारण नुसत्या बुटांत कमिटीला आक्षेपार्ह काही दिसले नाही.

चौथी एक मराठी पुस्तिका, नाचाच्या निषेधार्थ. हिच्यातून मात्र मला सर्वांत जास्त माहिती मिळाली. घुंगरांची वजने, गिरकीचा वेग, पदर कुठल्या क्षणी सुटतो आणि कुठल्या क्षणी सावरला जातो, सगळे बारकाईने दिले होते. लेखकाने हा अनाचार निदान वीस वर्षे पुढच्या रांगेत बसून सहन केला असणार.

पाचवे आणि सहावे म्हणजे एकाच कादंबरीचे दोन भाग. नायिकेच्या बापाचे आडनाव नाचणे होते.

सातवा संस्कृत ग्रंथ. पाने न कापलेली. गोविंदरावांनी सुरी आणली आणि आम्ही ती मिळून कापली. आत मानेच्या, नजरेच्या, बोटांच्या प्रकारांच्या याद्याच याद्या. याद्या मला आवडतात. मी काचेत पाहून मानेचे दोन प्रकार करूनही पाहिले. गोविंदराव सभ्यपणे खिडकीबाहेर बघत राहिले. पण ज्या ज्या जागी मला नेमके कळायला हवे होते, त्या त्या जागी टीकाकाराने एकच वाक्य लिहिले होते: ‘हे प्रत्यक्ष पाहून जाणावे.’ आणि दाखले सगळे देवांचे, अप्सरांचे. तुझ्या बाबांनी ते आधीच बाद केलेले.

संध्याकाळी माझ्या वहीचा चौथा रकाना कोरा होता. शालू, त्या दिवशी मला वाटले, तुझा वर्ग गेला. मी राधाला तसे म्हटलेही. ती कणसे भाजत होती.

“सात पुस्तकं वाचली वन्सं, अन् एकात बी चांगल्या घरची बाई नाचायली न्हाई?”

“एकातही नाही.”

“मग आमी पंचमीला काय करायलो?”

“ती फुगडी, राधा. मला आधार पुस्तकातला हवा.”

“बरं,” ती म्हणाली आणि कणीस माझ्या हातावर ठेवले. ते फार गरम होते.

सोमवार

दुपारी मी, नाना आणि गोविंदराव वाचनालयात बसलो होतो. मी घोड्यांच्या पुस्तकातून काही प्रतिष्ठित निघते का ते पाहत होते. जिना करकरला आणि वर एक पोलीस जमादार आले. पिकलेल्या मिशा, चकचकीत बक्कल, हातात दौत-लेखणी. त्यांनी अदबीने सलाम केला, भिंतीशी खुर्ची ओढून बसले आणि मांडीवर कागद पसरला.

“हौ. अब शुरू करो.”

“काय?” नाना म्हणाला.

“रक्स. बाईसाब का.”

नानाने हसून पाहिले. जमादार हसले नाहीत. नानाने खिशातून इजाजतीचा कागद काढला आणि पहिल्यांदाच वाचला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्याचा रंग बाहेरच्या कापसासारखा झाला.

“अक्का,” तो म्हणाला, “तुला वाचनालयात नाचाचा सराव करायची परवानगी मिळाली आहे. ‘रक्स की मश्क.’ दोन ते पाच. सरकारविरोधी गाणी वर्ज्य.”

“सराव? मी अभ्यास म्हटलं होतं!”

“मुनशीजींनी अभ्यासाचं मश्क केलं. पोरं पाटीवर गिरवतात ना, ती मश्क.”

आता गंमत पाहा. मुनशीजींची चूक म्हणावी तर चूक नाही. शाळेतला मुलांचा अभ्यास म्हणजे गिरवणे, हे त्यांनी मला विचारून घेतले होते आणि मी ‘तेच’ म्हणाले होते. मी त्यांच्या परीक्षेला बसले असते तर त्यांनाच पूर्ण गुण दिले असते.

नानाने जमादारांना समजावले: बाई विद्वान आहेत, वाचायला आल्या आहेत. जमादारांनी सगळे ऐकून घेतले आणि त्यांना खरोखर वाईट वाटले.

“देखो नानासाब, मैं आँख से देखा सो लिखता. रक्स देखा तो रक्स लिखता. किताबां देखा तो लिखता, गैरमुल्की बाई किताबां पढ रई थी, तीन लोगां बैठे थे, इजाजत नाच की थी. फिर साब यहाँ ताला डालते. मेरेकू अच्छा लगता क्या? मेरा पोता यहाँ अखबार पढता.”

गोविंदरावांनी रुमाल काढला आणि आधीच पुसलेले एक पुस्तक पुन्हा पुसले. सात वर्षे, आणि उद्या कुलूप, ते माझ्या एका शब्दामुळे. आणि कुलूप लागले तर माझ्या वहीसकट सगळे जप्त; म्हणजे तुझ्या बाबांना पाठवायला काहीच उरणार नाही.

मी उठले. पदर खोचला. एकसष्ट वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिकेने जे करावे तेच केले: पुस्तक उघडले. इंग्रजी पुस्तकातला बुटांचा आराखडा जमिनीवर ठेवला आणि गोविंदरावांना संस्कृत यादी मोठ्याने वाचायला सांगितली. पाय साहेबाचे, मान ऋषींची. डावा बूट क्रमांक एक, मान तिरकी. उजवा बूट क्रमांक दोन, नजर भुवईकडे. तिसऱ्या बुटाला मी कपाटावर आदळले.

जमादारांनी लेखणी कानावर ठेवली. “बाईसाब, बुरा मत मानो. ये रक्स नहीं. ये गर्दन में चमक भरी सो है.”

एवढ्यात जिन्यातून आवाज आला, “चहा गार होऊन पाणी झालं! कुणी घ्यायला येतंय का न्हाई?”

राधा रोज कमिटीसाठी चहा आणते आणि तिसऱ्या पायरीवर ठेवून परत जाते. बायकांनी वर येऊ नये असा नियम नाही. तशी पद्धत नाही, एवढेच. त्या दिवशी किटली कुणी नेली नाही म्हणून ती पहिल्यांदा वर आली. नानाने तिला एका दमात सगळे सांगितले. तिने किटली टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली (हेही पहिल्यांदाच) आणि लुगड्याचा ओचा वर खोचला.

“द्या हात वन्सं.”

“राधा, जमादार बसले आहेत.”

“त्यांना बघायलाच धाडलंय न्हव? द्या. उलटे द्या, असे. आता पाय माझ्या पायाला लावा. सरळ नका उभ्या राहू, मागं रेला.”

“मी पडेन!”

“सरळ राहिलात तर पडाल. भार टाका माझ्यावर. सगळा टाका. शाळा बंद झालीया आता.”

मी रेलले. शालू, याचे वर्णन कुठल्याच पुस्तकात मला सापडले नाही म्हणून इथे देते. दोघींनी मागे पडायचे, आणि दोघींच्या पडण्यातून उभे राहायचे. जिने स्वतःचा तोल स्वतःच सांभाळायचा प्रयत्न केला, ती दोघींना घेऊन आपटते. पहिली फेरी मी तोल सांभाळला आणि आम्ही दोघी नानाच्या अंगावर गेलो. दुसऱ्या फेरीला सोडून दिला. मग खोलीच फिरायला लागली. दहाही कपाटे गेली, खिडकी गेली, जमादार गेले, पुन्हा आले. पुस्तकांवरचा कापूस उडून हवेत चढला. राधा तोंडाने पकवा, म्हणजे फुगडीचा ठेका, घालत होती आणि थोड्या वेळाने तसाच आवाज माझ्याही तोंडून निघतो आहे असे मला कळले. खालचा आडत्या वर धावत आला, छत पडते की काय ते बघायला. तो दारातच उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

थांबलो तेव्हा जमादार टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते.

“माशाल्ला,” ते म्हणाले. “ये रक्स है. छोटी बाई के पाँव में काम है. बडी बाई नई है, मगर सीख जाती.”

मग त्यांनी सावकाश कैफियत लिहिली. राधा धापा टाकत कपाटांकडे बघत फिरली.

“इतकी पुस्तकं हायत इथं?” ती नानाला म्हणाली. “अन् तुमी मला रोज सांगायलात, मिटिंग हाय, मिटिंग हाय.” मग नृत्याच्या कपाटापुढे थांबली. “ह्यात फुगडी हाय का?”

“नाही,” गोविंदराव म्हणाले.

“मग पाटी काढा. न्हाई तर फुगडी घाला.”

मंगळवार, निघताना

वाचनालय उघडे आहे. मी निघाले तेव्हा गोविंदराव कापूस झटकत होते आणि राधा खुर्चीवर बसून नाचणीचे पुस्तक वाचत होती. तिला वाचता येते हे नानाला ठाऊक नव्हते असे दिसले. किटली तिसऱ्या पायरीवर होती. नानाने आणून ठेवलेली.

जमादारांच्या कैफियतीची नक्कल मी रीतसर अर्ज करून मागितली. हा अर्जही मुनशीजींनीच लिहिला. या वेळी मी प्रत्येक शब्दाचा अर्थ तीनदा विचारला आणि त्यांनी तीनदा न रागावता सांगितला. नक्कल आल्यावर त्यांनीच ती मला वाचून दाखवली. ‘रक्स की मश्क अमल में आई,’ म्हणजे नाचाचा सराव पार पडला. कोणी केला? ‘दो शरीफ खवातीन ने.’ खवातीन म्हणजे बायका.

“शरीफ म्हणजे?” मी विचारले.

“इज्जतदार घर की, बाईसाब. प्रतिष्ठित. आप उस दिन वोईच बोले थे ना.”

शालू, सोबतच्या जाड लिफाफ्यात ती नक्कल आहे, खाली मोहोर आहे आणि मागे मी केलेले इंग्रजी भाषांतर आहे. लिफाफा बाबांच्या हातात दे आणि जवळ उभी राहा. आपल्यासारख्या घरातली प्रतिष्ठित बाई त्यांनी मागितली होती. घरातलीच सापडली, ती त्यांची आई आहे. साक्षीदार तपासायचे असतील तर दोघीही हयात आहेत. एकीचा उजवा गुडघा अजून सुजलेला आहे, तोही पुराव्यात धरावा.

तुमची,
आजी